आरती म्हणता येते, पाणी मागता येत नाही

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्या यजमानांचे वय ६८ आहे. चार महिन्यांपूर्वी त्यांना उजव्या अंगाचा पक्षाघात झाला. हातपाय आता बरेच सुधारले आहेत, परंतु वाचा परत आलेली नाही. पाणी हवे असले की ते तांब्याकडे बोट दाखवतात, तोंडून नुसते ‘हां, हां’ येते आणि मग त्यांचे डोळे भरतात. गेल्या महिन्यात दिवेलागणीला मी देवापुढे आरती म्हणत होते, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला आणि त्यांनी संपूर्ण कडवे, एकही शब्द न चुकता, माझ्याबरोबर म्हटले. तेव्हापासून धाकटा मुलगा म्हणतो की, बाबांना बोलता येते, तेच मनावर घेत नाहीत. डॉक्टरांनी ‘डाव्या मेंदूला इजा आहे, गाणे उजव्या मेंदूत असते’ एवढेच सांगितले. हे खरे आहे का? आणि गाण्यातून त्यांना बोलायला शिकवता येईल का? (एक भगिनी, गिरगाव)

उत्तर : पहिले उत्तर आपल्या चिरंजीवांसाठी आहे आणि ते त्यांना आजच वाचून दाखवावे. त्यांचे वडील मनावर घेत नाहीत, ही समजूत चुकीची आहे. या आजारात, ज्याला आपण वाचाघात म्हणतो, माणूस बोलण्याचा जितका आटापिटा करतो तितका शब्द अधिक अडतो, आणि न ठरवता, सवयीने येणारे शब्द मात्र सहज बाहेर पडतात. एक ते दहा अंक, वारांची नावे, लहानपणापासून म्हटलेले श्लोक, रागाच्या भरात निघालेली शिवीसुद्धा स्पष्ट येते. पण ‘पाणी’ हा एक शब्द स्वतःहून जुळवता येत नाही. हे पाहणाऱ्या आपण पहिल्या नाही. स्वीडनमधील ओलोफ फॉन डालिन यांनी १७४५ मध्ये अशाच एका माणसाची हकीकत लिहून ठेवली आहे. अर्धांगाने त्याची वाचा गेली होती, पण आजारापूर्वी पाठ असलेली प्रार्थनागीते तो निरोगी माणसाइतकी स्वच्छ म्हणत असे. फक्त सुरुवात कुणीतरी त्याच्याबरोबर म्हणून करून द्यावी लागे. आपल्या घरी दिवेलागणीला नेमके हेच घडले. आरती आपण सुरू केली होती.

आता डॉक्टरांच्या वाक्याकडे वळू. ते खोटे नाही, परंतु गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात दोन मिनिटांत सांगितलेले आहे आणि त्यात बरेच काही गाळले गेले आहे. उजव्या अंगाचा पक्षाघात म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या बाजूला, हे आधी लक्षात घ्यावे.

भाषेचे काम बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या गोलार्धात, म्हणजे डाव्या अर्ध्या भागात, चालते, ही गोष्ट दीडशे वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका यांच्याकडे १८६१ मध्ये एक रुग्ण आला. सांगितलेले त्याला समजत असे, पण त्याच्या तोंडून ‘टान’ याशिवाय दुसरा उच्चार जवळजवळ येतच नसे. तो वारल्यावर ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा दिसली. पुढे असेच आणखी रुग्ण पाहिल्यावर, १८६५ मध्ये, आपण डाव्या गोलार्धाने बोलतो असे त्यांनी स्पष्टपणे मांडले. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी ऐकलेले समजण्याशी निगडित असलेली, डाव्याच बाजूची पण मागची जागा दाखवली. विसाव्या शतकात जून वाडा यांच्या चाचणीने हे जिवंत माणसातही तपासता आले. मानेतील एका बाजूच्या रोहिणीत गुंगीचे औषध सोडले की तेवढाच गोलार्ध काही मिनिटे झोपतो. तो डावा असेल तर मोठ्याने अंक मोजणारा माणूस मधेच गप्प होतो. माँट्रियल येथील रासमुसेन आणि मिल्नर यांनी १९७७ मध्ये या चाचणीचे जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत उजव्या हाताने काम करणाऱ्यांपैकी ९६ टक्के आणि डावखुऱ्यांपैकीही ७० टक्के लोकांची वाचा डावीकडे आढळली.

पण यातून ‘आवाजातले शब्द डावीकडे जातात आणि सूर उजवीकडे जातात’ असे चित्र डोळ्यांपुढे येत असेल, तर ते पुसून टाकावे. कानात शिरलेला आवाज आतल्या कानातील शंखासारख्या अवयवात विजेच्या संदेशांत बदलतो, तेथून मेंदूच्या देठात जातो आणि तेथेच दोन्ही बाजूंना वाटला जातो. प्रत्येक कानाचा संदेश दोन्ही गोलार्धांच्या श्रवणकेंद्रांपर्यंत पोहोचतो. विरुद्ध बाजूला जाणारी वाट अधिक रुंद असते, एवढेच. म्हणजे आपल्या यजमानांच्या दोन्ही गोलार्धांना आपली संपूर्ण हाक ऐकू येते. फरक पडतो तो एकाच आवाजातून कोण काय निवडून घेतो येथे.

हे घरच्या घरी अनुभवता येते. कुणाला तरी ‘जेवायला बसा, ताट वाढले आहे’ हे वाक्य कानात कुजबुजायला सांगा. कुजबुजण्यात स्वरतंतू कंप पावत नाहीत, त्यामुळे त्यात सूर नसतो. तरीही प्रत्येक शब्द कळतो. मग त्याच माणसाला ओठ मिटून एखाद्या ओळखीच्या गाण्याची चाल गुणगुणायला सांगा. आता शब्द एकही नाही, पण गाणे कोणते ते तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या सुराला ओळखाल. शब्द ज्याच्या आधाराने ओळखले जातात आणि चाल ज्याच्या आधाराने ओळखली जाते, ती आवाजातली दोन वेगळी द्रव्ये आहेत.

शब्दांचे द्रव्य म्हणजे वेगाने होणारे बदल. ‘ताट’ आणि ‘थाट’ हे दोन शब्द एकामागून एक म्हणून पाहा आणि तोंडासमोर तळहात धरा. जीभ दातांपासून सुटते तेथपर्यंत दोन्ही सारखे आहेत. त्यानंतर ‘थ’मध्ये हवेचा एक झोत निघतो आणि ‘आ’ किंचित उशिरा सुरू होतो. हा उशीर मिलिसेकंदांत (सेकंदाच्या हजाराव्या भागांत) मोजण्याइतका, म्हणजे पापणी लवायला लागणाऱ्या वेळापेक्षाही कमी असतो, आणि जेवणाचे ताट आणि लग्नाचा थाट यांतील भेद तेवढ्या फटीत मावलेला असतो. मराठीसारख्या भाषेत, जिथे प-फ-ब-भ अशा चार-चारांच्या रांगाच्या रांगा आहेत, कानाला हे काम दर सेकंदाला अनेकदा करावे लागते. चालीचे द्रव्य याच्या उलट आहे. तेथे घाई नसते, बारकावा असतो. दरबारीतला गंधार हलतो तेव्हा गवई जे अंतर दाखवतो ते अगदी थोड्या आंदोलनांचे असते, आणि ते ऐकण्यासाठी कानाला त्या सुरावर काही काळ थांबावे लागते. एकाच वेळी अतिशय जलद आणि अतिशय बारीक मोजणे कोणत्याही यंत्राला जमत नाही. वेळेचे माप बारीक केले की सुराचे माप जाड होते. माँट्रियलचे रॉबर्ट झटोरे यांनी २००१-२००२ च्या सुमारास मांडलेला विचार असा की, मेंदूने ही अडचण कामाची विभागणी करून सोडवली असावी. डाव्या श्रवणकेंद्राचा कल वेळेतील बारकाव्याकडे आणि उजव्याचा सुरातील बारकाव्याकडे. डेव्हिड पोपल यांनी २००३ मध्ये यालाच जवळची दुसरी मांडणी केली. त्यांच्या मते डावी बाजू आवाजाचे सुमारे २० ते ४० मिलिसेकंदांचे छोटे तुकडे पाहण्याकडे झुकते, तर उजवी बाजू १५० ते २५० मिलिसेकंदांचे लांब तुकडे पाहते. ही दुसरी मांडणी अजून वादात आहे.

झटोरे यांच्या विचाराला २०२० मध्ये फार सुंदर दुजोरा मिळाला. फिलिप अलबुई आणि सहकाऱ्यांनी (झटोरे त्यांत होतेच) दहा वाक्ये घेतली, दहा चाली घेतल्या, प्रत्येक वाक्य प्रत्येक चालीत बांधून शंभर छोटी गाणी साथीविना गाऊन घेतली आणि त्यांचा आवाज दोन तऱ्हांनी बिघडवला. वेळेतील बारकावा पुसला, तेव्हा ऐकणाऱ्यांना शब्द कळेनासे झाले आणि चाल शाबूत राहिली. सुरातील बारकावा पुसला, तेव्हा चाल गेली आणि शब्द राहिले. मेंदूच्या स्कॅनमध्ये शब्दांची ओळख डाव्या श्रवणकेंद्रात बिघडली, चालीची उजव्या. तोच आवाज, तोच क्षण, तोच गळा होता. माझ्या मते या विषयातील इतका स्वच्छ प्रयोग दुसरा नाही, कारण त्यात गाणे आणि बोलणे वेगवेगळ्या पेट्यांत ठेवलेले नाही. ते एकाच ध्वनीतून उकलून दाखवले आहे.

तरीही आवाजाची घडण हे संपूर्ण कारण ठरत नाही. थाई किंवा चिनी भाषेत तोच उच्चार वेगळ्या सुरात म्हटला की वेगळा शब्द होतो, आणि ती भाषा जन्मापासून बोलणाऱ्यांचा डावा गोलार्ध त्या सुरांनाही शब्द म्हणून हाताळतो. म्हणजे ऐकणारा त्या आवाजात काय शोधतो आहे, यालाही महत्त्व आहे.

आता आरती. ती येण्यामागे सूर हे एकच कारण आहे, असे मानू नये. आरतीत तीन गोष्टी एकत्र असतात: चाल, टाळ्यांचा ठेका, आणि साठ वर्षांचे पाठांतर. जर्मनीत २०११ मध्ये श्टाल आणि सहकाऱ्यांनी वाचाघात झालेल्या १७ रुग्णांकडून हे तपासून घेतले, तेव्हा मदत मुख्यतः ठेक्याची आणि पाठांतराची होते, चालीचा वाटा वाटला होता तेवढा मोठा नाही, असे दिसले. पाठ झालेली ओळ शब्द शोधून, जोडून तयार करावी लागत नाही. ती एकसंध उलगडते. म्हणून यजमानांना रोज आणखी आरत्या म्हणायला लावल्याने आरत्या येतील, त्यांना आनंद होईल, घराला त्यांचा आवाज ऐकू येईल. परंतु ‘पाणी’ त्यातून आपोआप येणार नाही. ही गोष्ट मी जपून सांगत आहे, कारण आरती ऐकून घरात जी आशा जागते ती चुकीच्या वाटेला लागली की दोन-तीन महिन्यांत विझते, आणि मग खरा उपचारही थांबवला जातो.

खरा उपचार आहे. बोस्टनमध्ये १९७३ मध्ये अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी सुरावटीच्या आधाराने बोलणे शिकवण्याची पद्धत मांडली. ज्यांना बोललेले बऱ्यापैकी समजते पण स्वतः बोलणे अडले आहे, अशांना ती विशेष लागू पडते, आणि आपल्या वर्णनावरून यजमान त्यांच्यापैकी असण्याची शक्यता दिसते. त्यात गाणे म्हणत नाहीत. रोजच्या गरजेचे छोटे वाक्य घेतात, जसे ‘पाणी द्या’. जवळ समोरासमोर बसून त्यांचा डावा हात आपल्या हातात धरावा, कारण उजवा अशक्त असतो, आणि प्रत्येक अक्षराला तो हात टेबलावर हलकेच टेकवावा. वाक्य दोनच सुरांत, एक वरचा आणि एक खालचा, अगदी सावकाश ओढून म्हणावे: ‘पा’ वर, ‘णी’ खाली, ‘द्या’ पुन्हा वर. प्रथम आपण नुसते गुणगुणावे, मग दोघांनी मिळून म्हणावे, मग मध्येच आपण गप्प होऊन त्यांना पुढे जाऊ द्यावे, मग त्यांनी एकट्याने म्हणावे. काही दिवसांनी ‘काय हवे?’ असे विचारून त्याचे उत्तर म्हणून तेच वाक्य घ्यावे आणि हळूहळू सूर सोडवत नेहमीच्या बोलण्याकडे आणावे. ते अडले तर एक पायरी खाली उतरावे. ‘म्हणा ना, आत्ता तर म्हटलेत’ असे मात्र म्हणू नये.

हे काम वाचा-उपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्हावे. नायर रुग्णालयात वाक्-श्रवण विभाग आहे आणि तो गिरगावातून जवळ पडेल; वांद्रे रेक्लमेशनला १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक्-श्रवण संस्था आहे. चार महिने हा काही उशीर नव्हे. सुधारणेचा वेग सुरुवातीच्या महिन्यांत अधिक असतो, पण ती नंतरही होत राहते.

आणि गोलार्धांविषयीची एक हकीकत यजमानांनाही वाचून दाखवावी, कारण त्यांना ती समजेल. व्हिसारियन शेबालिन हे रशियन संगीतरचनाकार होते. १९५३ आणि १९५९ मध्ये त्यांना पक्षाघाताचे झटके आले, डाव्या गोलार्धाला इजा झाली, वाचा आणि शब्दांचे आकलन फार बिघडले. तशा अवस्थेत ते संगीत रचत राहिले आणि १९६२ मध्ये त्यांनी आपली पाचवी सिंफनी पूर्ण केली.

प्रश्न : मी पाच वर्षे शास्त्रीय गायन शिकत आहे. डाव्या कानाने ऐकलेले संगीत उजव्या मेंदूत जाते, म्हणून रियाजाची ध्वनिमुद्रणे फक्त डाव्या कानात इअरफोन घालून ऐकावीत, असे एका मैत्रिणीने सांगितले. माझ्या लहान भावासाठी ‘उजवा मेंदू जागृत करणाऱ्या’ एका वर्गाची जाहिरातही घरी आली आहे. यात तथ्य किती? (एक विद्यार्थिनी, मुलुंड)

उत्तर : मैत्रिणीच्या बोलण्याचे मूळ एका खऱ्या प्रयोगात आहे. माँट्रियलमध्ये डोरीन किमुरा यांनी १९६१ मध्ये लोकांच्या दोन्ही कानांत एकाच क्षणी दोन वेगळे अंक ऐकवले; उजव्या कानात ‘दोन’ तर डाव्या कानात ‘सात’, असे तीन जोड पाठोपाठ. मग ऐकलेले सगळे सांगायला लावले. बहुतेकांनी उजव्या कानातले अंक अधिक बिनचूक सांगितले. १९६४ मध्ये त्यांनी अंकांऐवजी छोट्या सुरावटी वापरल्या, तेव्हा डावा कान सरस ठरला. विरुद्ध बाजूच्या गोलार्धाकडे जाणारी वाट रुंद असते, हे वर आलेच आहे.

पण हा फरक दोन्ही कान एकमेकांशी स्पर्धा करीत असतील तेव्हाच नीट दिसतो, आणि तेव्हाही तो थोडाच असतो. एका कानात इअरफोन घातल्यावर स्पर्धाच उरत नाही. दोन्ही गोलार्धांना तेच ऐकू जाते. उलट, एका कानाने ऐकताना आवाज वाढवण्याचा मोह होतो आणि गाडीच्या खडखडाटात तर तो वाढवलाच जातो. गाणाऱ्या मुलीने कान जपावेत. तंबोरा दोन्ही कानांनी ऐकावा.

शिवाय आपली तालीम स्वतःच हा फरक बदलते. बीव्हर आणि कियारेलो यांना १९७४ मध्ये असे आढळले की, संगीत न शिकलेल्यांना चाली डाव्या कानाने चांगल्या ओळखू येतात, पण शिकलेल्यांना उजव्या. त्यांचे स्पष्टीकरण असे की, शिकलेला माणूस चाल एकसंध ऐकत नाही, तिची फोड करीत ऐकतो. आपण एखादी तान ऐकता आणि मनात ‘ग म ध नी’ उमटते, तेव्हा प्रत्येक सुराला नाव मिळालेले असते. नावे देणे हे डाव्या गोलार्धाला जवळचे काम आहे. म्हणजे पाच वर्षांच्या रियाजाने आपले दोन्ही गोलार्ध गाण्यात गुंतले आहेत.

भावाच्या वर्गाबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ते पैसे वाचवावेत. उजवा गोलार्ध झोपलेला नसतो, त्यामुळे त्याला उठवणारे कुणी लागत नाही. दोन्ही गोलार्धांना जोडणारा तंतूंचा जाड पूल आहे, आणि निरोगी मुलात त्यावरून अखंड ये-जा चालू असते. मुलाला तबला, पेटी, काहीही शिकवावे. ते त्या कलेसाठीच शिकवण्यासारखे आहे.

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाला डाव्या अंगाचा पक्षाघात झाला. बोलणे उत्तम आहे, म्हणून सगळे म्हणतात की थोडक्यात निभावले. पण दादा आता यंत्रासारखे एका सुरात बोलतो, वहिनी चिडून बोलली तरी त्याला ते कळत नाही, आणि तिला वाटते की त्याला तिची पर्वा राहिली नाही. (एक निवृत्त शिक्षक, परळ)

उत्तर : वाचा शाबूत असल्यामुळे या रुग्णांचे दुःख कुणाच्या लक्षात येत नाही. आपण हा प्रश्न विचारलात, याबद्दल आभार. डाव्या अंगाचा पक्षाघात म्हणजे इजा उजव्या गोलार्धाला, आणि बोलण्यातल्या चढउतारांचे बरेचसे काम तेथे होते. ‘जेवलास’ हा शब्द शेवट खाली आणून म्हटला तर ते विधान होते, वर नेला तर प्रश्न होतो, आणि ओढून, दात आवळून म्हटला तर तेच टोमणा होते. अक्षरे तीच. दादांना अक्षरे पूर्ण ऐकू येतात; त्यावरचा सूर काय सांगतो ते उमगत नाही, आणि स्वतःच्या आवाजात तो घालताही येत नाही. अमेरिकेत एलियट रॉस यांनी १९८० च्या सुमारास उजव्या गोलार्धाच्या रुग्णांतील या दोषाचे सविस्तर वर्णन केले. इजा कुठे आहे त्यानुसार कुणाला सूर ओळखता येत नाही, कुणाला तो काढता येत नाही, कुणाचे दोन्ही जाते. आत भावना असते. ती आवाजापर्यंत पोहोचत नाही, म्हणून वहिनींना ती नाहीशी झाल्यासारखी वाटते.

वहिनींना हे समजावून सांगावे आणि घरात एक सवय लावावी. सुरातून जे सांगायचे असते ते शब्दांत सांगायचे. ‘मला राग आला आहे, कारण तुम्ही औषध घेतले नाही’, असे पूर्ण वाक्य त्यांच्यासमोर बसून, चेहरा दिसेल असे म्हणावे. थट्टा केली तर ‘ही थट्टा आहे’ असेही सांगावे. दादांनाही शब्दांचाच आधार घ्यायला शिकवता येते. कारण त्यांचे शब्द शाबूत आहेत. ‘मला आनंद झाला’, ‘मला तुझी काळजी वाटते’ हे सपाट आवाजात आले तरी वहिनींनी ते शब्दाला शब्द खरे मानावे. वाचा-उपचारतज्ज्ञ आवाजातील चढउतारांचा सरावही करून घेतात. त्यासाठी भेट घेताना ‘बोलणे ठीक आहे, पण सूर कळत नाही’ असे आपणच आवर्जून सांगावे, नाहीतर बोलणे ऐकून त्यांना परत पाठवले जाण्याची शक्यता असते.